दुसऱ्याच्या दुःखात खिज्र होऊ नये

‘वकील’ हा शब्द आपण मराठीत रोज वापरतो. तो ज्या अरबी धातूपासून आला, त्याच धातूपासून ‘तवक्कुल’ हा शब्दही येतो. तवक्कुल म्हणजे आपलं प्रकरण अल्लाहच्या हाती सोपवून त्याच्यावर भिस्त ठेवणं. ‘सब्र’ तर आपल्याकडे ‘सबुरी’ होऊन इतका रुळला, की साईबाबांच्या तसबिरीखाली ‘श्रद्धा’च्या शेजारी तो वाचताना त्याचं अरबी मूळ कोणाला आठवत नाही. संकटात धीर धरावा आणि जे आपल्या हातात नाही ते त्याच्यावर सोडावं, हे मी मुसलमान घरात वाढताना ऐकलं. तुम्ही तुमच्या घरी वेगळ्या शब्दांत ऐकलं असेल.

ही शिकवण खरी की खोटी, हा इथे माझा प्रश्न नाही. माझा प्रश्न त्याहून लहान आहे. हे वाक्य कोणी कोणाला म्हणायचं?

तीन वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या बहिणीचं, आपाचं, बाळ चौथ्या दिवशी गेलं. बाळंतपण तालुक्याच्या गावी झालं होतं. बाळाला नीट श्वास घेता येत नव्हता आणि तिथे नवजात बाळांसाठी अतिदक्षता विभाग नव्हता. जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायला ॲम्ब्युलन्स आली ती दोन तासांनी.

दफन झालं आणि घरी बायका येऊ लागल्या. सगळ्या मायेनंच आल्या होत्या. कोणी म्हणालं, अल्लाहची मर्जी. कोणी म्हणालं, यातही काहीतरी भलं असणार. एकजण म्हणाली, मोठा होऊन वाईट निघाला असता तर? त्यापेक्षा निष्पाप गेला. आपा मान हलवत होती. तिला दूध येत होतं, ओढणी छातीशी घट्ट धरून ती मान हलवत होती.

‘वाईट निघाला असता तर’ हे त्या बाईंच्या मनातलं नव्हतं. ते कुराणातल्या एका गोष्टीतून आलं आहे. अठराव्या सूरहमध्ये, सूरह कहफमध्ये, हजरत मूसा एका ज्ञानी माणसाबरोबर प्रवासाला निघतात. कुराणात त्याचं नाव नाही. परंपरा त्याला खिज्र म्हणते. खिज्रची अट एकच असते, मी स्वतःहून सांगेपर्यंत काही विचारायचं नाही. मग तो एका नावेला भोक पाडतो, एका मुलाला ठार करतो आणि ज्या गावाने जेवायलाही घातलं नाही तिथली पडायला आलेली भिंत फुकट सावरतो. मूसांना तिन्ही वेळा राहवत नाही. शेवटी कारणं कळतात. नाव गरिबांची होती आणि पुढे एक राजा धडधाकट नावा बळकावत होता. मुलगा मोठा होऊन श्रद्धाळू आईबापांना छळणार होता. भिंतीखाली अनाथ मुलांचा ठेवा होता.

शुक्रवारी ही सूरह वाचायची प्रथा आहे, त्यामुळे गोष्ट आम्हाला पाठ असते. तिचं तात्पर्यही ठरलेलं: प्रत्येक गोष्टीमागे कारण असतं. माझ्या कामामुळे मला हे लगेच पटायचं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सर्व्हर बंद पडला की आम्ही लॉग उघडतो आणि मूळ कारण सापडेपर्यंत ‘का?’ विचारत राहतो. कारण सापडलं नाही, तर आपण पुरेसं खोल गेलो नाही असं धरतो.

पण आपाच्या घरून परतल्यावर ती सूरह पुन्हा वाचली, तेव्हा वेगळीच गोष्ट डोळ्यांत भरली. कारणं कळतात ती फक्त मूसांना. नाववाल्यांच्या हाती त्या दिवशी फक्त फुटकी नाव होती. त्या मुलाच्या आईबापांना कोणी काही सांगितल्याचा तर गोष्टीत उल्लेखच नाही. शिवाय खिज्र अंदाज बांधत नव्हता, त्याला ते ज्ञान अल्लाहने दिलं होतं. मूसांसारख्या प्रेषितालाही जे ओळखता आलं नाही, ते आपाच्या बैठकीच्या खोलीत बसलेल्या कोणाला कसं ओळखता येईल? मूसांबरोबर चालायला ही गोष्ट आपल्याला बोलावते. खिज्रची जागा ती आपल्याला देत नाही.

याच मुद्द्यावर इस्लामी परंपरेत एक जुना किस्सा सांगतात. दहाव्या शतकातले धर्मचिंतक अल-अशअरी यांनी आपले गुरू अल-जुब्बाई यांना तीन भावांबद्दल विचारलं. एक पुण्यवान म्हणून मेला, एक पापी म्हणून, एक लहानपणीच. लहानग्याने अल्लाहला विचारलं, मला पुण्य कमवायला आयुष्य का नाही दिलंस? गुरू म्हणाले, अल्लाह सांगेल की तू मोठा होऊन पापी झाला असतास, म्हणून तुला आधीच नेलं. अशअरींनी विचारलं, मग तो पापी भाऊ ओरडेल, मलाही लहानपणीच का नाही नेलंस? गुरूंकडे उत्तर नव्हतं. आपाला दिलेलं सांत्वन हजार वर्षांपूर्वीच या प्रश्नापाशी अडलं होतं.

खुद्द प्रेषित मुहंमदांचा मुलगा इब्राहिम दोन वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हा गेला. हदीसमध्ये आहे की ते रडले. कोणी आश्चर्याने पाहिलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की अश्रू ही दया आहे. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, इब्राहिम गेला म्हणून सूर्य काळवंडला. शोकात बुडालेल्या बापाला याहून मोठा अर्थ कोणी काय देणार? प्रेषितांनी तो नाकारला. कोणाच्या जन्माने किंवा मृत्यूने ग्रहण लागत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. विश्वास त्यांनी सोडला नाही, पण दुःखाला हाताशी आलेला अर्थही चिकटवू दिला नाही.

आता त्या दोन तासांबद्दल. दुल्हाभाईंनी महिन्याभराने माहिती अधिकारात अर्ज टाकला. एका वडीलधाऱ्या नातेवाइकाने विचारलं, “अल्लाहने नेलं त्याला. आता अर्ज कशाला?”

हा प्रश्नही जुना आहे. इसवी सन 639 च्या सुमारास सीरियात अमवासची प्लेग पसरली होती. खलिफा उमर तिकडे निघाले होते, बातमी कळताच वाटेतूनच परतायचं त्यांनी ठरवलं. सेनापती अबू उबैदा यांनी विचारलं, अल्लाहने ठरवलेल्यापासून पळता का? उमर यांच्या म्हणण्याचा आशय असा होता, की परतणंही त्यानेच ठरवलेल्यात येतं. एका बाजूला हिरवा उतार आणि दुसऱ्या बाजूला उजाड असेल, तर उंट कुठेही चारला तरी ते त्याच्याच मर्जीत. मग हिरवा का निवडू नये? अबू उबैदा आपल्या माणसांत राहिले आणि त्याच साथीत गेले. त्यांच्या श्रद्धेवर कोणी शंका घेत नाही, आणि उमर यांच्याही नाही.

म्हणजे अर्ज टाकणं हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. अर्जाला उत्तर आलं: गाडी एकच होती, ती दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती. ‘मर्जी’ म्हणून आम्ही गप्प बसलो असतो, तर ही एका गाडीची गोष्ट अल्लाहच्या खात्यावर गेली असती. जिथे माणसाचा हिशेब आहे, तिथे त्याचं नाव पुढे करणं ही श्रद्धा कशी?

वर्षभराने एका रात्री आपा आपणहून म्हणाली, “त्याने काहीतरी ठरवलं असेल. मला कळत नाही, पण मी त्याच्यावर सोडलंय.” त्या बायकांचंच वाक्य होतं ते, जवळजवळ शब्दशः. पण आता ते तिचं होतं, तिच्या वेळेला आलेलं. त्यात मला सांत्वनाचा खोटेपणा ऐकू आला नाही. मी वाद घातला नाही आणि ‘बघ, मी म्हणालो होतो’ असं म्हणायला मी कधी काही म्हणालोही नव्हतो.

मृत्यूची बातमी ऐकल्यावर मुसलमान जे वाक्य उच्चारतात, त्यात ‘तू’ नाही, ‘आम्ही’ आहे. बोलणारा स्वतःलाही परतणाऱ्यांत धरतो. मला वाटतं, भरवशाचं व्याकरण हेच असावं: ‘मी’ म्हणावं, फार तर ‘आपण’.

आणि दुसऱ्याच्या घरी गेल्यावर काय म्हणावं? जाफर इब्न अबी तालिब युद्धात मारले गेल्याची बातमी मदिनेत आली, तेव्हा प्रेषितांनी लोकांना सांगितलं ते एवढंच, की त्यांच्या घरच्यांसाठी जेवण करा, त्यांना आज कशाचं भान नाही.