पेन्शनीत आलेला माणूस

जोतिबा हा लढवय्या देव. हातात खड्ग आणि त्रिशूळ, बसायला घोडा. अंबाबाईच्या मदतीला तो उत्तरेतून आला, रत्नासुराला आणि रक्तभोजाला मारलं आणि काम झाल्यावर हिमालयाकडे परत निघाला. तेव्हा अंबाबाई कोल्हापूरहून अनवाणी चालत आली आणि जाऊ नकोस म्हणाली. देव राहिला. माघातल्या रविवारी लोक पहाटे पंचगंगेवरून निघतात आणि वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखाच्या वाटेनं डोंगर चढतात. या खेट्यांमागे हीच गोष्ट सांगतात.

मला या गोष्टीत लढाईपेक्षा राहण्याचा भाग मोठा वाटतो. राक्षस एकदाच मारले. पिकापाण्याची, गुराढोरांची राखण मात्र तेव्हापासून रोज चालू आहे, असं आमच्याकडचा शेतकरी धरून चालतो. पेरणी असो की नवा बैल दावणीला बांधणं असो, चांगभलं म्हटल्याशिवाय हात लागत नाही.

आमच्या भागातली माणसंही अशीच, लढून आलेली आणि मग राहिलेली. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीचं तर नावच सैनिक टाकळी पडलं. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. कोल्हापूर संस्थानची राजाराम रायफल्स स्वातंत्र्यानंतर मराठा लाइट इन्फंट्रीत गेली आणि तिची १९ वी बटालियन झाली. कौलारू घरातल्या सोप्यात देवाच्या फोटोशेजारी गणवेशातला फोटो असणं आमच्याकडे नवलाचं नाही.

आमच्या आळीतले आबा या माघात गेले. ऐंशीच्या घरात होते. पंधरा वर्षं पलटणीत काढली आणि चाळिशीच्या आत पेन्शनीत आले. त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं शेती केली. हा हिशोब मांडला की गावात त्यांना मिल्ट्रीवाले आबाच का म्हणत, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

१९७१ च्या डिसेंबरात ते जंगी पलटणीत, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते. ब्रह्मपुत्रा ओलांडून या पलटणीनं जमालपूरच्या दक्षिणेला जाऊन रस्ता अडवला. १० डिसेंबरच्या रात्री शहरातल्या पाकिस्तानी फौजेनं कोंडी फोडून बाहेर पडायचा जोराचा प्रयत्न केला. मराठे हटले नाहीत. ११ तारखेला जमालपूर पडलं आणि १६ ला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सही झाली. लढाईच्या पुस्तकांत या रात्रीला मानाची जागा आहे.

आबांना मात्र त्या रात्रीबद्दल विचारलं की ते भातावर यायचे. "कापणीला आल्यालं भात हुतं रं. त्यातनं चालायचं म्हंजी पाय उचलत न्हवता." बंगालात तेव्हा अमन भाताची सुगी. भरल्या लोंब्या वाकलेल्या, आणि त्यांतून शेकडो बूट गेलेले. शेतकऱ्याच्या पोराला लहानपणापासून शिकवलेलं असतं की उभ्या पिकात पाय घालू नये, बांधावरून जावं. पलटणीनं त्याला नेमकं उलटं करायला लावलं होतं, आणि करणं भागच होतं. गोळ्या, जखमी, पडलेले सोबती यांबद्दल आबा एक शब्द बोलत नसत. "कुणाचं शेत हुतं कुणास ठाऊक. त्या वर्साला त्येनं काय खाल्लं आसंल?" एवढंच म्हणत, आणि उठून गोठ्याकडे जात.

मला वाटतं, पुढचं सगळं आयुष्य त्यांनी जणू त्या अनोळखी शेतकऱ्याला उत्तर देत काढलं. हे त्यांनी कधी सांगितलं नाही, मीच लावलेला अर्थ आहे. पण जोतिबाच्या चैत्री यात्रेला पायी येणारी मंडळी, सासनकाठ्या घेऊन निघालेले गावकरी, बैलगाड्या, सगळ्यांना आबांचं तोडणी झालेलं रान मोकळं असायचं. स्वतः विहिरीचं पाणी काढून मोठ्या पिंपात भरून ठेवायचे. अट एकच. शेजारच्या खोडव्यात कुणी पाय घालायचा नाही. तिथं मात्र त्यांचा आवाज पलटणीतला होई.

रात्रीची लाईट असली की ते उसाला पाणी पाजायला जात. मी शाळेत असताना हट्टानं एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. रानात पोचल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते बॅटरी बंद करण्याचं. उजेड दिसला की आपण दिसतो, ही सवय त्यांना पलटणीनं लावलेली. मग खोरं घेऊन सरीच्या तोंडाशी उकिडवे बसले. पाणी सरीत शिरतं तेव्हा वाळल्या मातीतून बुडबुड असा आवाज येतो. सरी भरत आली की तो बारीक होत जातो आणि शेवटी पाणी गप्प होतं. त्या आवाजावर ते ओळखायचे. "भरली." एका खोऱ्यात पुढचं दारं मोडायचं, दुसऱ्या खोऱ्यात भरलेलं बांधायचं. पाणी बांधाबाहेर गेलं नाही. इतकं ऐकणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. जमालपूरच्या रस्त्यावर हेच कान त्यांच्या उपयोगी पडले असतील का, की रानात शिकलेलं तिथं चाललं, हे विचारायचं राहून गेलं.

असं जगणं लढाईच्या नोंदीत येत नाही. संगमनेर तालुक्यातल्या निमजच्या नामदेव जाधव यांचं नाव पुष्कळांना माहीत असतं. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनियो नदीवर त्यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणलं. मग टॉमीगननं शत्रूच्या मशीनगनचं एक ठाणं गप्प केलं. हाताला जखम झाली, टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले आणि आणखी दोन ठाणी गप्प केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या एका दिवसाची नोंद सविस्तर सापडते. २ ऑगस्ट १९८४ ला ते वारले. मधल्या ३९ वर्षांत ते कसे जगले, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? सर्वोच्च शौर्यपदक मिळालेल्याची ही गत, तर आमच्या आबांसारख्यांचं कोण लिहून ठेवणार?

दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे आबा गेले. उसाची तोड चालू होती, तरी माणसं कोयता खाली ठेवून आली. पंचक्रोशीतले माजी सैनिक टोप्या घालून आले, पुष्पचक्र वाहिलं, एका ओळीत उभं राहून सलामी दिली. श्रद्धांजलीची भाषणं झाली. सगळी भाषणं १९७१ वर. ती चुकीची नव्हती, त्या युद्धाचा आम्हांला अभिमानच आहे. पण बांध न कोरता चार दशकं शेती करणं, सोसायटीचं कर्ज वेळेवर फेडणं, भावकीच्या वाटणीत स्वतः पडीक तुकडा घेऊन चांगला धाकट्याला देणं, यांवर कुणी बोललं नाही. आमच्याकडे यालाही छाती लागते. खरं तर जास्तच लागते, कारण इथं समोर शत्रू नसतो, सख्खा भाऊ असतो.

रक्षाविसर्जनाला राख नदीत सोडली नाही. हल्ली जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी ती रानातच टाकून वर झाड लावतात. आबांच्या मुलानंही तसंच केलं. विहिरीजवळ आंबा लावला.

नंतर कागदपत्रांसाठी काळी ट्रंक उघडली. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. वरच्या थरात सातबारा, सोसायटीचं पासबुक, ऊसबिलाच्या पावत्या, बैलांचे जुने दाखले. अगदी तळाशी डिस्चार्ज बुक आणि पूर्वी स्टार हे पदक, ज्याची फीत विटून गेली होती. आबांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, ते पदक पहिल्यांदाच हातात घेतलं. लग्नाला पन्नासहून जास्त वर्षं झाली होती.

त्यातच एक अडचण निघाली. पलटणीच्या दप्तरात काकूंचं नाव एक, आधारवर दुसरं. लग्नात बदललेलं नाव एकीकडे, माहेरचं दुसरीकडे. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी ही नावं जुळावी लागतात, आणि माणूस हयात असताना जे एका अर्जात होतं त्यासाठी पुढे विधवेला हेलपाटे घालावे लागतात. म्हणून कळकळीनं सांगतो. तुमच्या घरात असे कुणी वडील, आजोबा असतील तर आजच त्यांचा पेन्शनचा आदेश काढा, बायकोचं नाव आणि जन्मतारीख ताडून बघा. फरक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांना स्वतः घेऊन जा. सन्मान सन्मान म्हणतात त्यातला एवढा भाग तरी आपल्या हातातला आहे.

काकूंचं काम मार्गी लागलंय. आळीत आणि वरच्या वाडीत त्या लढाईतले आणखी दोघं आहेत. एकाला ऐकू कमी येतं, एकाचा डोळा गेलाय, पण दोघंही रोज रानात जातात. येत्या रविवारी मी वही घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. जमालपूरचं विचारीनच. पण आधी विचारीन ते पेन्शनीत आल्यावर पहिल्या वर्षी रानात काय पेरलं होतं.