निद्रा आणि उष्मा

ज्याला झोप येत नाही त्याच्या मनात काहीतरी सलत असलेच पाहिजे, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढमूल आहे की, अशा माणसाची चौकशी आपण कर्ज, कोर्टकचेरी आणि मुलीचे लग्न येथून सुरू करतो, आणि त्याच्या खोलीतील हवा किती तापलेली असते हे विचारण्याचे कोणास सुचत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत व्हिएन्नात एका विलक्षण मेंदूज्वराची साथ उद्भवली. १९१७ साली तिचे वर्णन प्रसिद्ध करणाऱ्या फॉन इकोनोमो या वैद्यकाला मृतांचे मेंदू तपासताना असे आढळले की, जे रुग्ण अष्टौप्रहर निद्रेच्या अमलाखाली होते त्यांच्या अधश्चेतकाचा, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा भागाचा, मागचा अंश व त्यालगतचा प्रदेश विकृत झाला होता, आणि ज्यांचा डोळ्याला डोळा लागत नसे त्यांचा पुढचा.

या पुढच्या अंशातच शरीराच्या उष्णतेचा हिशेब ठेवणाऱ्या पेशी असाव्यात, हा मला केवळ शेजार वाटत नाही. २०१८ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील संशोधकांनी, बाह्य उबेने जागृत होणाऱ्या तेथील पेशी उंदरांमध्ये कृत्रिम रीतीने पुन्हा चेतविल्या, तेव्हा उंदीर झोपले हे तर खरेच, पण त्यांची शरीरेही थंड पडली. निद्रा आणि शीतलता ही दोन्ही फर्माने एकाच दफ्तरातून सुटतात. तळव्यांच्या रक्तवाहिन्या रुंदावून आतील उष्णता बाहेर पडू लागली की झोप लवकर लागते, हे १९९९ मध्ये बाझल येथे दिसून आले. आपल्याकडील आजी नातवाच्या तळपायांना तूप लावून ते काशाच्या वाटीने काळे पडेपर्यंत घासते आणि “उष्णता उतरते” म्हणते. काशाच्या अंगी काही गुण आहे असे मी म्हणत नाही, परंतु उष्णतेच्या जाण्याची वाट तिने बरोबर हेरली आहे. नागपूरच्या मे महिन्यात, जेथे मध्यरात्रीची हवादेखील ती उष्णता घ्यावयास राजी नसते, तेथे बिचाऱ्या मनाला बोल लावण्यात अर्थ नाही.

स्वप्नांचे प्रकरण निराळे. ती ज्या अवस्थेत ठळकपणे पडतात, त्या अवस्थेत थंडीतील कापरे आणि उकाड्यातील धाप ही दोन्ही तहकूब होतात, असे बोलोन्याच्या पार्मेज्यानी यांनी मांजरांवरील प्रयोगांत दाखविले. उष्णरक्ती प्राणी तेवढा वेळ जवळजवळ सरड्याच्या पंक्तीस बसतो. सबब कडाक्याच्या थंडीत शरीर या अवस्थेलाच आधी कात्री लावते. इकोनोमोच्याच व्हिएन्नात फ्रॉइड स्वप्नांमागील वासनांची झडती घेत होता, आणि ती घ्यावीही. पण स्वप्नाला मुळात मुभा द्यावी की नाही, यात पांघरुणाचाही शब्द चालतो. बर्न येथील २०१९ च्या प्रयोगांत परिसर सुखद उबदार केला तेव्हा उंदरांची ही अवस्था वाढली, आणि अधश्चेतकातील विवक्षित पेशींचे काम रोखताच ती वाढ ओसरली.