केरसुणीखालचा गुरू

अवधूताचे चोवीस गुरू दत्तभक्तांना नव्याने सांगायला नकोत. पृथ्वीपासून कुंभारीण माशीपर्यंतची ती यादी आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असते. मलाही होती. तरी त्यातल्याच एका गुरूचं घर मी गेल्या वर्षी वैशाखात मोडलं, त्याची ही कबुली.

आमच्या घरामागे छोटीशी बाग आहे. जन्म बँकेत कारकुनी करण्यात गेला, त्यामुळे बागेतही माझा खाक्या तोच. प्रत्येक झाडाचं एक खातं. मोगरा देवाला, कढीपत्ता फोडणीला, लिंबू सरबताला. ज्याच्या खात्यात जमा काही नाही, ते उपटायचं. त्या वर्षी मात्र चैत्रात माझा गुडघा धरला, माळीदादाही जत्रेसाठी गावी गेले आणि महिनाभर बागेला कोणाचा हात लागला नाही.

बाग मोकाट सुटली. आंब्याखाली पाचोळ्याचा थर साचला. तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या राहिल्या, त्यांवर मधमाश्या येऊ लागल्या. मी मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसे. आधी चीड यायची, मग हळूहळू गंमत वाटायला लागली. सकाळी सातभाईंची टोळी कलकलाट करत पाचोळा उलटापालटा करी. मधुमालतीत बुलबुलानं घरटं बांधलं. खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण माशीनं बोराएवढी मातीची मडकी घडवली. इतका निवांत आनंद त्या बागेनं मला पूर्वी कधी दिला नव्हता.

वैशाखात माळीदादा परतले. "काका, सगळं साफ करू ना?"

"हो, चकाचक करा," सवयीनं तोंडातून निघून गेलं.

त्यांना घरटं दिसलं, म्हणून मधुमालती त्यांनी आपणहून सोडली. खिडकी मात्र मीच झाडायला घेतली. केरसुणीच्या एका फटक्यात मडकी पडून फुटली. आत हिरव्या अळ्या निपचित पडलेल्या. शेवटचं मडकं अर्धवटच होतं. थोड्या वेळानं माशी चिखलाची गोळी घेऊन आली आणि रिकाम्या चौकटीशी घिरट्या घालत राहिली.

संध्याकाळी पोथी उघडली. भागवताच्या अकराव्या स्कंधावर नाथमहाराजांनी लिहिलेली टीका १५७३ साली काशीत पूर्ण झाली. तिच्यात हा दृष्टान्त आहेच. माशीनं कोंडलेली अळी भीतीनं तिचंच ध्यान करते आणि शेवटी तद्रूप होते. प्रत्यक्षात ती अळी म्हणजे माशीच्या पिल्लाची शिदोरी. माशी तिला डंख मारून बधिर करते आणि अंड्यातून निघालेलं पिल्लू तिच्यावर वाढतं. लोकांना दिसलं ते एवढंच, की अळी आत गेली आणि माशी बाहेर आली. पण म्हणून त्यातला बोध खोटा ठरत नाही. मन ज्याचं ध्यान करतं, तेच होऊन बसतं.

माझंच पाहा ना. जन्मभर जमाखर्चाचं ध्यान केलं आणि मीच खातेवही झालो. झाड असो की माणूस, पहिला प्रश्न एकच, याचा उपयोग काय? देवळातल्या प्रदक्षिणासुद्धा मागणी मनात धरून मोजलेल्या. उद्या हाच प्रश्न घरात कोणी मला विचारला तर? आता मी ना कमावता, ना धड कामाचा. तरी सूनबाई सकाळी न मागता चहा आणून ठेवते. तो कुठल्या खात्यावर टाकायचा?

मग काहीच साफ करायचं नाही का? तसं नाही. गाजरगवत मी आजही उपटतो, त्यानं अंगाला खाज सुटते. कुंड्यांखालचं साचलेलं पाणी ओतून देतो. फाटकापासून तुळशीपर्यंतची वाट रोज झाडतो. विवेक सोडा, असं अवधूतानं कुठं सांगितलंय? फक्त उपटण्याआधी आता विचारतो, याच्या असण्यानं कुणाचं बिघडतंय का? बिघडत नसेल तर राहू दे बापडं. पाचोळाही जाळत नाही, आंब्याच्या बुंध्याशी सारून ठेवतो.

यंदा वैशाखात त्याच चौकटीवर पुन्हा दोन मडकी दिसली. काही दिवसांनी एकाला बारीक भोक पडलेलं होतं, आतला जीव उडून गेला होता. दुसरं अजून बंद होतं. त्या महिन्यात ती खिडकी मी झाडली नाही.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥