नाताळचा जमाखर्च

शेजारच्या घरांतून दिवाळीच्या फराळाची ताटे येऊ लागली, की आमच्या घरी नाताळच्या खर्चाची वही उघडते. आमच्या वसईत हे दोन सण एकाच दाराने ये-जा करतात. करंजी ज्या ताटातून येते, त्याच ताटातून दीडदोन महिन्यांनी नेवरी जाते. आणि करंजी व नेवरी यांत फरक काय, असे कुणी विचारले तर नावाखेरीज फारसे काही सांगता यायचे नाही. ताट रिकामे परत पाठवायचे नाही, एवढा एकच नियम दोन्ही घरे पाळतात. करंज्या किती आल्या आणि नेवऱ्या किती गेल्या, हे कुणी मोजल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

घरातल्या घरात मात्र आम्ही काटेकोर हिशेब ठेवतो. शेजाऱ्याशी न मोजता वागायचे आणि सख्ख्या भावाशी मोजून वागायचे, हा प्रकार थोडा चमत्कारिकच. तो माझ्या ध्यानात यायला फार उशीर लागला. आणि मोजणारा मीच होतो.

आम्ही चार भावंडे. २५ डिसेंबरचे दुपारचे जेवण वाडीतल्या जुन्या घरी सर्वांनी मिळून करायचे, ही वडिलांपासूनची रीत. आई गेल्यावर थोरला म्हणून वही माझ्याकडे आली. मी आयुष्यभर हिशेबाचीच नोकरी केलेली. पहिल्याच वर्षी मी जाहीर केले, की एकूण खर्चाचे चार सारखे भाग होतील. सर्वांनी माना डोलावल्या. कुणावर उपकार नाही, कुणाचे ओझे नाही, मागाहून कुरकुर नाही. त्या वेळी मला हा नियम न्यायाचा अर्क वाटला होता.

या जेवणाचा बेत एका दिवसाचा नसतो. खरे तर तो उन्हाळ्यात सुरू होतो. मे महिन्याच्या उन्हात मिरच्या नि धणे वाळवून, भाजून, कुटून तो मसाला काळ्या बाटल्यांत ठासून भरतात. बाटली मसाला हे नाव त्यावरूनच पडले. सोरपोतेल दोनतीन दिवस आधी शिजवावे लागते, कारण ते शिळे झाल्याशिवाय त्याला चव येत नाही. वसई १५३४ साली पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. पण सोरपोतेलाला हुसकावणे कोणत्याच फौजेला जमले नाही. फुग्यांचे पीठ ताडी घालून आदल्या रात्री भिजवायचे, म्हणजे सकाळी तळताना ते नावाप्रमाणे फुगतात. बदकाचे मोईल करायचे तर बदके आठवडाभर आधी सांगून ठेवायला हवीत. केक, कुलकुल, दोदोल ही गोडाची कामे बहिणी नि भावजया वाटून घेतात.

राहिली वाइन. आमच्याकडे ती घरी होत असे. किलोभर काळ्या मनुका, त्याहून थोडी अधिक साखर, मूठभर गहू, चमचाभर यीस्ट आणि उकळून गार केलेले पाचेक लिटर पाणी. हे सारे चिनी मातीच्या बरणीत घालून तोंडाला फडके बांधायचे. घट्ट झाकण लावायचे नाही, आतला वायू बाहेर पडला पाहिजे. एकवीस दिवस रोज लाकडी पळीने ढवळायचे आणि मग गाळून ठेवायचे. १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानंतर आजीची बरणी माजघरातून पलंगाखाली गेली, असे आई हसत सांगे. कायदा मोडल्याचे समर्थन मी करीत नाही. पण गावातल्या निम्म्या पलंगांखाली तेव्हा काहीतरी बुडबुडत होते, हेही खोटे नाही.

चार वर्षांपूर्वी तरुण मंडळींनी टूम काढली, की आता बरणी नको, नाशिककडची चांगली लेबलवाली वाइन आणू. पाहुण्यांसमोर बरे दिसते. मीही रुकार दिला, कारण दुकानाची पावती वहीला नीट जोडता येते! वर्गणी घरटी तीन हजार झाली. आणखी एका वर्षाने धाकट्याची नोकरी गेली. त्या नाताळात त्याने तीन हजार रुपये पाकिटात घालून, सर्वांच्या आधी, माझ्या हातात दिले. ते त्याने उसने आणले होते, हे मला मागाहून कळले. त्याच्या पुढल्या नाताळात त्याचा फोन आला, “दादा, या वेळी आम्ही हिच्या माहेरी जातोय.”

मी वहीत त्याच्या नावापुढे ‘नाही’ असे लिहिले आणि चाराऐवजी तिनाने भागले. भागाकार बरोबर आला. सतराऐवजी तेरा माणसे जेवायला बसली, बदक उरले, आणि फुगे तर दुसऱ्या दिवशी आम्ही चहाबरोबर खाल्ले. धाकटा त्या दिवशी कुठेही गेला नव्हता. पाच मैलांवर आपल्या घरीच होता.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही. चूक कुठे झाली? नियमात तर अन्याय नव्हता. मी वर्गणी माफ केली असती, तर तो आला असता का? मला वाटते, नसताच आला. ज्या घरात आपण जन्मलो, तिथे भावाच्या पैशाने जेवायचे म्हणजे आपल्याच घरी पाहुणे व्हायचे. सारखी वर्गणी मागितली तर तो दूर राहतो, न मागितली तर लहान होतो. दान देणे सोपे, देवळात नि चर्चमध्ये आपण ते नेहमीच करतो. ज्याच्याशी आपले बरोबरीचे नाते आहे, त्याला देणे फार कठीण.

योहानाच्या शुभवर्तमानात जेवणावळीच्या खर्चासंबंधी दोन गोष्टी आहेत. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला, तेव्हा येशूने सहा दगडी रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस केला, ही सर्वांना ठाऊक आहे. त्या रांजणांचे माप तिथे दिलेले आहे. आजच्या हिशेबाने ते सारे मिळून साडेचारशे लिटरांहून कमी भरत नाहीत. मंडळी आधीच पिऊन झालेली, आणि वर एवढा द्राक्षारस! माझ्यासारख्या हिशेबनिसाने सहाच्या जागी एकच रांजण पुरे असा शेरा मारला असता. पण संपल्याची लाज ज्या घराला वाटणार होती, त्याला ती वाटू दिली नाही, आणि तीही अशा बेताने, की पंगतीच्या कारभाऱ्यालासुद्धा हा रस कुठून आला ते कळले नाही.

दुसरी गोष्ट बेथानीच्या जेवणाची. लाजरसच्या बहिणीने, मरीयेने, जटामांसीचे मोलाचे तेल येशूच्या पायांवर ओतले. तेव्हा यहुदाने विचारले, की हे तीनशे दिनारांना विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत? एक दिनार ही त्या काळच्या मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई क्षणात जमिनीवर गेली. लहानपणापासून मला चोरून वाटत आले आहे, की यहुदाचा प्रश्न बरोबर होता. आजही, सणाला घरात दहाबारा हजारांचे खाणेपिणे होते आणि वाडीच्या टोकाला मजुरांच्या झोपड्या असतात, तेव्हा तो प्रश्न निकालात निघाला असे मला म्हणवत नाही. परंतु योहान तिथे आणखी एक गोष्ट नोंदवतो. पैशाची थैली यहुदाजवळ असे, आणि गरिबांची त्याला पर्वा नव्हती. अलीकडे ते वाचताना मी थबकलो. आमच्या घरातली थैली माझ्याजवळ आहे. मी त्यातला पैसाही खाल्लेला नाही. तरीपण धाकटा आला नाही त्या दिवशी मला आधी दुःख झाले, की आधी भागाकार सुचला? या प्रश्नाचे उत्तर मला माहीत आहे आणि ते मी इथे लिहिणार नाही.

या पावसाळ्यात कपाट आवरताना आईची जुनी वही सापडली. माझ्या वहीत पहिल्या पानावर वस्तू नि भाव असतात. आईच्या वहीत पहिल्या पानावर माणसे आहेत. आमची नावे, मग ताडी काढणारा, वाडीत कामाला येणारी बाई आणि तिची दोन मुले, गल्लीतली एकटी म्हातारी. म्हातारीपुढे लिहिले आहे, ‘दात नाहीत, मऊ वेगळे काढणे.’ वडिलांच्या एका मित्रापुढे, ‘डुकराचे नको, कोंबडी.’ त्यांच्याखाली जिन्नस, आणि सर्वांत शेवटी एक आकडा. एका वर्षी तो आकडा आदल्या वर्षाच्या निम्मा आहे. त्या वर्षी वडील बराच काळ आजारी होते. ‘बदक नाही. डाळ जास्त.’ एवढीच नोंद. नावे मात्र पहिल्या पानावर तितकीच आहेत. मला तो नाताळ आठवतो, पण बदक नव्हते हे काही केल्या आठवत नाही.

डिकन्सच्या १८४३ सालच्या नाताळकथेत आठवड्याला पंधरा शिलिंग मिळवणाऱ्या कारकुनाच्या घरचे जेवण आहे. एवढ्या मोठ्या कुटुंबाला पुडिंग लहान पडते, आणि ते लहान आहे असे घरातले कुणीही म्हणत नाही. आमच्याही घरी त्या वर्षी कुणीतरी काहीतरी म्हटले नसेल. आईला हे सोपे गेले, कारण थैली एकच होती, असे मी स्वतःला बजावून पाहिले. ते खरेही आहे. पण मग बेत लहान करायला आम्हां चौघांना कुणी अडवले होते? लेबलवाल्या बाटल्यांनी? तीन हजार हा आकडा काही स्वर्गातून उतरला नव्हता. जो सर्वांत कमी देऊ शकतो त्याच्याकडे पाहून तो ठरवता आला असता. आम्ही जो सर्वांत जास्त देऊ शकतो त्याच्याकडे पाहून ठरवला, आणि त्याला समान म्हटले.

या वर्षी बाटल्या नाहीत, बदक नाही. बहिणीने थोडी कुरबूर केली, पुतण्याने तोंड वाकडे केले. गेल्या रविवारी मी किलोभर काळ्या मनुका घेऊन धाकट्याकडे गेलो. लहानपणी बरणी ढवळण्याचा मान त्याचा होता, आणि बरणीही आईच्या मागे त्याच्याचकडे गेलेली. युक्ती त्याने तत्काळ ओळखली, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसले.

“दादा, मनुका कितीला पडल्या?”

मी सांगितले. खोटे बोलून भागण्यासारखे नव्हते.

“वहीत लिहिलंस?”

“नाही.”

“लिही. साखर माझी लिही,” तो म्हणाला, आणि बरणी काढायला पलंगाखाली वाकला. ती धुऊन पुसून झाल्यावर त्याने आत हाक मारली, “अगं, मूठभर गहू दे.”

“कुणाच्या मुठीनं?” भावजयीने आतून विचारले.