कावडीतले पाणी आणि पिंजऱ्यातला ससा

वाचकहो, या वेळचा प्रश्न ऐकून काही जण हसतील. सोलापुरातल्या विड्या वळून घर चालवणाऱ्या एका भगिनीने तो विचारला आहे. मुलाच्या हट्टापायी तिने दोन ससे घेतले. विकणाऱ्याने दोन्ही माद्या असल्याचे सांगितले, आणि तीन महिन्यांत घरात नऊ ससे झाले. आता डॉक्टर म्हणतात, शस्त्रक्रिया करून घ्या. खर्च तिच्या जवळजवळ दोन आठवड्यांच्या मजुरीइतका. हाताशी पैसे आहेत तेवढेच, आणि तेही आषाढीला दिंडीला एक वेळचे पिठले-भाकरी घालायची म्हणून वर्षभर बाजूला टाकलेले. तिचे तीन प्रश्न आहेत. मुक्या जिवाचा वंश तोडणे पाप नाही का? तो टेबलावरच गेला तर? आणि देवाच्या नावाचे पैसे सशावर घालायचे का?

हसू नका, माउली. पंढरीच्या वाटेवरच्या प्रश्नांत हा कुठेही कमी नाही.

आधी सशाची गोष्ट नीट समजून घेऊ. सशीण साधारण एकतीस दिवसांत विते, एका वेताला चार-सहा पिल्ले सहज होतात, आणि व्यायल्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे एक वेत दूध पीत असताना दुसरे पोटात वाढत असते. पिल्ले चार-सहा महिन्यांत स्वतः वयात येतात, आणि बहीण-भाऊ हे नाते त्यांना ठाऊक नसते. १८५९ साली ऑस्ट्रेलियात एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी दोन डझनांच्या आसपास ससे सोडले, त्यांनी पुढे अख्ख्या खंडाची कुरणे खाल्ली. मग तिथल्या सरकारने १९५० मध्ये सशांत मुद्दाम रोग सोडला. हौस एकाची, आणि मरण कोट्यवधी जिवांना.

आता पहिला प्रश्न. कीर्तन संपल्यावर पारावर एखादा म्हातारा म्हणतोच, ‘जन्म देणारा तो, थांबवणारे आपण कोण?’ बोलणे भाविक आहे, पण अर्धे आहे. रानात जन्म देणाऱ्यानेच लांडगा दिला, कोल्हा दिला, घार दिली, दुष्काळ दिला. तिथे सशाचे वेत मोठे असते, कारण त्यातले बहुतेक जगायचे नसतात. आपण पिंजरा आणला तेव्हा लांडगा बाहेर ठेवला, पण वेत तेवढेच राहिले. मग लांडग्याचे काम कुणाकडे आले? घराकडे. ते आपण तीनच रीतींनी करू शकतो: पिल्ले उपाशी-दाटीत मरू द्यायची, कुणालाही देऊन डोळ्यांआड करायची, किंवा मुळात ती होऊच द्यायची नाहीत. यात तिसरी रीत सर्वांत कमी क्रूर आहे, असे माझे मत.

‘मग रानात सोडून देऊ,’ असे म्हणणारेही भेटतात. आपल्या सोलापूरजवळ नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे. तिथल्या माळावरचा ससा आणि पिंजऱ्यातला ससा यांना आपण एकच नाव दिले, पण जाती वेगळ्या आहेत. रानसशाचे पिल्लू डोळे उघडे आणि अंगावर लव घेऊन गवतातच जन्मते. आपला पांढरा ससा युरोपातल्या बीळ करून राहणाऱ्या सशाच्या वंशातला, त्याची पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात. पांढऱ्या अंगाने तो माळावर एक रात्र काढणार नाही. त्याला ‘मुक्त केले’ म्हणून हात जोडणे म्हणजे लांडग्याच्या तोंडी देऊन वर पुण्य मागणे.

दुसरी एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. बेंदराला, पोळ्याला ज्याच्या शिंगांना रंग लावतो, गळ्यात माळ घालतो, तो बैल कसा होतो? खोंडाला खच्ची करून. जुन्या काळी ठेचून, भूल न देता. पुढे चिमटा आला, आता पशुवैद्य आहेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही ठरवलेल्या रीतीने केलेले गुरांचे खच्चीकरण क्रूरतेत धरलेले नाही. शेताला बैल हवा होता, म्हणून कुणाला पाप आठवले नाही. आणि सशाच्या वेळी, भूल देऊन, त्याच्याही भल्यासाठी करायचे म्हटले की आपले मन कळवळते. हा कळवळा खोटा नाही, पण त्यात खर्चाची नाखुशी किती मिसळली आहे ते ज्याने त्याने पाहावे.

भल्यासाठी म्हणालो, ते उगाच नाही. वय झालेल्या माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग बराच होतो, शस्त्रक्रियेने तो टळतो. नर एकमेकांना फाडतात, ते कमी होते. पण सगळे सशासाठीच चालले आहे, असेही म्हणू नका. मुताचा वास, भांडणे, पिल्लांचा पसारा, यांतून आपलीही सुटका असते. ते कबूल करून केलेले काम मला अधिक स्वच्छ वाटते.

भीतीचे मात्र खरे आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या पाहणीत भूल दिलेल्या कुत्र्यामांजरांत हजारात दोनच्या आसपास दगावले, सशांत मात्र शंभरात एकाहून थोडे जास्त. त्यांत आधीच आजारी असलेलेही होते. निरोगी सशाला धोका त्याहून कमी. म्हणून घाई नको. आपल्याकडचे बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशींत मुरलेले. सशाला भूल देण्याचा हात वेगळा. ‘तुम्ही याआधी किती सशांची केली?’ हे अदबीने विचारायला लाजू नका. आणि सगळ्यांचीच करायची गरज नाही. नराची शस्त्रक्रिया मादीच्या मानाने सोपी, स्वस्त आणि कमी धोक्याची असते. घरात नर दोनच असतील तर तेवढ्यांची केली तरी वेत थांबते. मात्र त्यानंतरही चार ते सहा आठवडे त्यांना माद्यांपासून वेगळे ठेवावे लागते, कारण बीज लगेच संपत नाही.

एवढे करूनही जीव गेला तर? ज्याने चौकशी केली, योग्य हात शोधला, त्याच्या माथी हत्या येत नाही. दुःख येईल, ते येऊ द्यावे. पण त्या भीतीने काहीच न करणारा दोषातून सुटला, असे मात्र मला म्हणवत नाही. दर महिन्याला दाटीत मरणारी पिल्ले कुणाच्या खाती मांडायची?

राहिले दिंडीचे पैसे. नाथांची कथा तुम्ही शेकडो वेळा ऐकली आहे. काशीचे गंगाजल रामेश्वराला घालायला निघालेली कावड, तापलेल्या वाळूत तडफडणारे गाढव, आणि नाथांनी त्याच्या तोंडात ओतलेले पाणी. आपण या कथेत नाथांची थोरवी ऐकतो आणि माना डोलावतो. पण एक बारीक गोष्ट पाहा. त्या गाढवाची तहान नाथांनी लावली नव्हती. ते वाटेत भेटलेले परके जनावर होते. इथे ससा आपण विकत आणला, पिंजऱ्यात आपण घातला, नर-मादी एकत्र आपण ठेवले. नाथांनी केली ती दया. आपण करू ते देणे फेडणे. आणि घरात देणे थकले असताना दान करायला निघणाऱ्याला गावात काय म्हणतात, ते सांगायला नको.

शिवाय दिंडीतल्या वारकऱ्याला भाकरी घालणारे हात वाटेवर हजारो आहेत. सोलापूर जिल्ह्यात पालख्या शिरल्या की दाराबाहेर पिठल्याची पातेली घेऊन लोक उभे असतात. तिथे एक पातेले कमी झाले तर कुणी उपाशी झोपणार नाही. या वर्षी पंगत नाही तर तांब्याभर पाणी द्यावे, चालणाऱ्याचे पाय चेपावेत. सशाला मात्र दुसरे दार नाही. हे मी सगळ्यांसाठी नियम म्हणून सांगत नाही. पोराचे औषध किंवा घरभाडे अडत असेल, तर नर आणि माद्या वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवणे हा बिनखर्चाचा मार्ग आहेच. फक्त मग नरांना नरांत नव्हे, एकेकट्याला ठेवावे लागते, आणि ससा हा सोबतीने राहणारा जीव आहे. त्याचे एकटेपण हीसुद्धा किंमतच, ती आपल्याऐवजी तो भरतो.

शस्त्रक्रिया ठरली तर चैत्र-वैशाख टाळा. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांवाटे टाकतो, आणि सोलापूरच्या उन्हात धडधाकट ससाही मान टाकतो. माणसासारखे आदल्या रात्री उपाशी ठेवू नका. सशाला उलटी होत नाही, म्हणून उपास लागत नाही, उलट त्याचे आतडे थांबले तर जिवावर बेतते. पेनिसिलिनच्या जातीची औषधे तोंडावाटे देऊ नयेत, घरातल्या माणसाची उरलेली गोळी तर मुळीच नाही. दवाखान्यात जाताना त्याच्या रोजच्या गवताची पेंडी आणि थोडी कोथिंबीर पिशवीत घ्या. शुद्धीवर आल्यावर ओळखीचा वास आला की तो खायला लागतो. त्याने पहिली काडी तोंडात घेतल्याशिवाय तिथून उठू नका.