राहून गेलेला टप्पा

बी.एड.च्या पुस्तकात मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनने सांगितलेले माणसाच्या वाढीचे आठ टप्पे एका तक्त्यात बसवलेले असतात. विश्वास विरुद्ध अविश्वास इथून सुरुवात, परिपूर्णता विरुद्ध निराशा इथे शेवट. विद्यार्थी तो पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत उतरवतात. या मांडणीने मला माणसांकडे बघायला शिकवले, म्हणून तिची अशी पाठांतराची वस्तू झालेली पाहवत नाही. हा तक्ता जगता जगता भरत गेला आहे. त्यातला एक रकाना तर बराच काळ आखलेलाच नव्हता.

फ्रॉइडच्या मते माणसाची जडणघडण मुख्यतः पहिल्या पाच-सहा वर्षांत होते, आणि त्याचे टप्पे वयात येण्यापाशी थांबतात. एरिक्सनची सुरुवात याच परंपरेत झाली, पण १९२७ साली तो व्हिएन्नाला गेला तो एका लहानशा शाळेत शिकवायला. वय पंचवीस, हाताशी पदवी नाही, चित्रे काढत भटकलेला तरुण. तिथे फ्रॉइडची मुलगी अ‍ॅना हिच्याकडे तो मनोविश्लेषण शिकला. त्याचा जन्म १९०२ चा, फ्रँकफुर्टचा. जन्मदाता बाप कोण हे त्याला कधीच कळले नाही. सावत्र वडील ज्यू डॉक्टर, हा मात्र सोनेरी केसांचा आणि निळ्या डोळ्यांचा. प्रार्थनास्थळातल्या मुलांना तो परका वाटे आणि शाळेतली मुले त्याला ज्यू म्हणून चिडवत. ‘मी कोण?’ हा प्रश्न त्याला पुस्तकात शोधावा लागला नाही.

१९३३ मध्ये तो अमेरिकेत आला. तिथे पाइन रिज इथल्या सू आदिवासींमध्ये त्याने जे पाहिले, त्यातून सिद्धांताला ‘सामाजिक’ हे अंग आले असे मी मानतो. सरकारी शाळेतल्या शिक्षकांची तक्रार होती की ही मुले उदासीन आहेत, त्यांना काही साठवावेसे वाटत नाही, पुढे जावेसे वाटत नाही. एरिक्सनने घरे पाहिली. तिथे मूल मागेल तितका काळ अंगावर पीत होते आणि जवळचे देऊन टाकणे हाच मोठेपणा मानला जात होता. रानगव्यांच्या शिकारीवर उभे राहिलेले ते जगणे गोऱ्यांनी मोडून टाकले होते, संगोपनाची रीत तेवढी मागे उरली होती. दोष मुलांच्या मनात नव्हताच. घर एका जगासाठी वाढवत होते आणि शाळा दुसऱ्याच जगाची मापे लावत होती.

मग दुसरे महायुद्ध आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या दवाखान्यात त्याच्यासमोर परतलेले सैनिक बसत. कालचा मी आणि आजचा मी एकच, ही खात्रीच त्यांच्यातल्या काहींची सुटली होती. ‘ओळखीचा पेच’ ही कल्पना तिथे आकाराला आली.

१९५० च्या सुमाराला टप्पे सातच होते. त्याची पत्नी जोन हिने पुढे सांगितलेली हकीकत अशी: एरिकला व्याख्यानासाठी गाडी पकडायची होती आणि ती त्याला मोटारीने स्टेशनवर सोडायला निघाली होती. बोलणे शेक्सपिअरने सांगितलेल्या माणसाच्या सात अवस्थांवर चालले होते. त्यात मुलांच्या खेळण्याचे वयच नाही, ही त्याची उणीव दोघे काढत होती. बोलता बोलता जोनच्या ध्यानात आले की आपल्याही सातांत काहीतरी राहिले आहे. जवळीक साधणाऱ्या तरुणानंतर थेट म्हातारपण! मधली सगळी वर्षे, म्हणजे चाळिशीतली, लेकुरवाळी अशी ती दोघे स्वतःच तक्त्यात नव्हती.

तिथे सातवा टप्पा आला: पुढच्या पिढीसाठी झिजणे, नाहीतर स्वतःतच साचून राहणे. मला हाच सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो आल्यावर बाकीचे टप्पे एकमेकांत गुंतले. तान्ह्याचा विश्वास ज्याच्या हातांवर अवलंबून, तो मोठा माणूसही अजून घडतोच आहे, आणि त्याला घडायला ते तान्हे लागते.

याच घराची एक दुखरी बाजू आहे. १९४४ साली त्यांना डाउन सिंड्रोम असलेला मुलगा झाला. त्याला संस्थेत ठेवले गेले आणि घरात बाळ जन्मतःच गेल्याचे सांगण्यात आले. निरोगी वाढीचा हा आराखडा त्या मुलाच्या अनुपस्थितीत आखला गेला. त्यामुळे तो खोटा ठरत नाही, पण वाचताना ही गोष्ट विसरता येत नाही.

१९६२ मध्ये एरिक्सन अहमदाबादला आला आणि तिथल्या, गांधींनी चालवलेल्या १९१८ च्या गिरणी संपाने त्याला धरून ठेवले. त्यावर १९६९ मध्ये आलेल्या ‘गांधीज ट्रूथ’ या पुस्तकाच्या मध्येच त्याने गांधींना उद्देशून एक लांब पत्र घातले आहे. साऱ्या देशाला लेकरू मानणारा माणूस कस्तुरबांशी आणि आश्रमातल्या मुलांशी इतका कठोर का, असे तो त्यात तळमळून विचारतो. सातव्या टप्प्याची इतकी खडतर परीक्षा त्याने दुसऱ्या कुणाची घेतली नसेल. अहमदाबादेतच त्याला भेटलेल्या मनोविश्लेषक सुधीर कक्करांनी पुढे, १९६८ साली, आश्रमव्यवस्था आणि एरिक्सनचे टप्पे शेजारी ठेवून पाहिले.

१९८२ मध्ये त्याचीच एकेकाळची सहकारी कॅरल गिलिगन हिने हरकत घेतली: आधी ओळख, मग जवळीक, हा क्रम पुरुषांच्या आयुष्यावरून घेतलेला आहे, बायकांच्या बाबतीत दोन्ही गुंफूनच येतात. आपल्याकडच्या कितीतरी आयुष्यांकडे पाहता ही हरकत मला पटते.

एरिक्सन १९९४ मध्ये गेला. नव्वदी ओलांडलेल्या जोनने १९९७ मध्ये त्याच्या या टप्प्यांवरच्या पुस्तकाला नववा टप्पा जोडला आणि सगळ्या जोड्या उलट लिहिल्या: अविश्वास आधी, विश्वास नंतर. शरीर साथ देईनासे झाले की माणसाचा पहिला भरवसा स्वतःच्या पायांवरूनच उडतो, आणि मग उठण्या-बसण्यालाही दुसऱ्याचा हात लागतो, हे तिने तोवर अनुभवले होते.