सुट्टीच्या दिवशी काय करायचे?

दिवाळीच्या तोंडावर विशेष शाळांच्या पणत्या, आकाशकंदील आणि उटण्याच्या पुड्या विक्रीला येतात. लोक हौसेने घेतात, आणि घ्याव्यातच. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचा कुंचला पणतीच्या कडेवरून नीट फिरावा, यासाठी शिक्षिकेने कित्येक महिने खर्ची घातलेले असतात. पण ऑर्डरी पुऱ्या झाल्या, सुट्टी लागली, की तोच मुलगा घरी खिडकीशी बसून राहतो. बहुतेक विशेष शाळा अठराव्या वर्षाच्या आसपास सुटतात. कार्यशाळेत जागा मिळाली तर दिवस तरी भरतो. बाकीच्यांबद्दल विचारले की घरचे सांगतात, “घरीच असतो.” या दोन शब्दांत माणसाची तीस-चाळीस वर्षे निघून जातात.

काम शिकवणे समाजाला पटते, कारण त्यातून चार पैसे येतात. उपचार पटतात, कारण सुधारणा दिसते. खेळ, गाणे, सहल, पत्त्यांचा डाव यांना मात्र ‘जमले तर बघू’ एवढीच जागा. खरे तर मोकळा वेळ आपल्या मर्जीने, मजेत घालवणे हेही शिकावे लागते. इतर मुले ते गल्लीत, चाळीच्या जिन्यात, मामाच्या गावी न शिकवता शिकतात. अपंग मूल नेमके त्या गल्लीलाच मुकलेले असते. शाळा लांब, दुपार थेरपीत गेलेली आणि ‘पडेल, हरवेल, कुणी चिडवेल’ ही आईची धास्ती. इतरांना फुकट मिळालेले हे शिक्षण त्याला हाताला धरून द्यावे लागते.

कॅरमचेच पाहा. जाणकार शिक्षक त्याच्या लहान लहान पायऱ्या पाडतो. पावडर भुरभुरायची, राणी मधोमध ठेवून भोवती सोंगट्या मांडायच्या, स्ट्रायकर दोन रेषांच्या मध्ये ठेवायचा, टिचकी मारायची आणि समोरच्याची खेळी संपेपर्यंत हात मांडीवर ठेवायचा. काही मुलांना टिचकीपेक्षा हे थांबणेच जड जाते, म्हणून थांबण्याचा सराव वेगळा घ्यावा लागतो. बोटात जोर नसेल तर लाकडी पट्टीने स्ट्रायकर ढकलू द्यायचा. खेळ तोच राहतो. सगळ्यांत अवघड पायरी बोर्डाबाहेरची असते: शेजारची बेल वाजवून “खेळायला येतोस का?” असे विचारणे. आणि त्याआधीची एक, जी हमखास राहून जाते. आज कॅरम की पत्ते, की काहीच नको, हे त्या मुलाने स्वतः ठरवणे. चाळीस जणांना रांगेत बसवून एकाच गाण्यावर टाळ्या वाजवायला लावणाऱ्या कार्यक्रमात ही निवड कुठेच नसते. म्हणून तो कितीही प्रेमाने केलेला असला तरी अपुरा वाटतो.

ही समज जगालाही सावकाशच आली. इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात १९४४ साली लुडविग गुटमान यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग सुरू केला, तेव्हा अशा रुग्णांच्या जगण्याचीच आशा कुणी धरत नसे. गुटमान यांनी उपचारांत खेळ आणला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशी, १६ जण चाकाच्या खुर्चीतून तिरंदाजीला उतरले. पॅरालिंपिकचे मूळ तिथे आहे. अमेरिकेत युनिस केनेडी श्रायव्हर यांची बहीण रोझमेरी बौद्धिक अक्षमता घेऊन जगली. अशा मुलांना उन्हाळी शिबिरे दारातही उभे करत नाहीत, हे पाहून युनिस यांनी १९६२ मध्ये मेरीलँडमधल्या स्वतःच्या घराच्या आवारात शिबिर भरवले आणि मुलांच्या जोडीला शाळा-कॉलेजातले तरुण स्वयंसेवक दिले. त्यातूनच १९६८ साली शिकागोला पहिले स्पेशल ऑलिंपिक झाले.

सोय करून देणे म्हणजे खेळ सोपा करणे, हा समज बुद्धिबळाचा पट मोडून काढतो. अंधांच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक आणि प्रत्येक सोंगटीला बुडाशी खुंटी. काळ्या सोंगट्या बोटांना ओळखू याव्यात म्हणून त्यांना वेगळी खूण केलेली असते. दोन्ही खेळाडूंपुढे आपापला पट असू शकतो. खेळी मोठ्याने सांगायची, आणि पटाच्या उभ्या ओळींना ॲना, बेला, सीझर, डेव्हिड अशी नावे, म्हणजे ऐकण्यात चूक नको. अंध खेळाडू सारखा पट चाचपत असतो. मग ‘हात लावलात, खेळा’ हा नियम लावायचा कसा? खुंटी भोकातून बाहेर निघाली तरच हात लागला असे धरतात. एवढ्या एका दुरुस्तीने डोळस आणि अंध एकाच डावाला समोरासमोर बसतात, आणि डावाची कठीणता तसूभरही कमी होत नाही. मुंबईचे चारुदत्त जाधव यांनी अंधांच्या बुद्धिबळाची देशभर बांधणी केली. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई पॅरा स्पर्धेत बडोद्याच्या दर्पण इनानी यांनी सुवर्ण जिंकले.

दादरला शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीनांनाही मल्लखांब शिकवला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दोरीचा मल्लखांब मुळातच अढीचा, म्हणजे पकडीचा, खेळ आहे. पायाच्या अंगठ्याशी दोरी कशी धरायची, शरीराचा भार कुठे सोडायचा, हे शरीरालाच कळावे लागते. तिथे ‘बघून कर’पेक्षा ‘धरून बघ’ हेच उपयोगी.

पदकांचा आनंद मोठाच. सांगलीकडच्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्ण आणले. त्यांची गोष्ट प्रत्येक शाळेत सांगावी. मात्र प्रत्येक अपंग माणसाकडून तिची मागणी करू नये. तलावात येणाऱ्या बाकी लोकांना कुणी विक्रम विचारत नाही. ते डुंबतात, दमतात, चहा पिऊन घरी जातात. तेवढेच सुख चाकाच्या खुर्चीतून आलेल्यालाही मिळायला हवे, आणि त्यासाठी तलावाला उतार, धरायला कठडा आणि कपडे बदलायला रुंद दाराची खोली हवी.

कायदा या बाबतीत कितीतरी पुढे आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये करमणूक केंद्रे, नृत्य, चित्रकलेचे वर्ग, स्काउटिंग, मैदानी शिबिरे, साहसी उपक्रम ही नावे चक्क लिहिलेली आहेत. कलम ३० खेळांसाठी आहे. गोव्याने जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा अपंगांसाठीचा महोत्सव भरवून असा उत्सव मोठ्या प्रमाणावर होऊ शकतो हे दाखवले. पण उत्सव तीन दिवसांचा असतो आणि रविवार दर आठवड्याला येतो.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्ती आहेत. इथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा आहे. त्यातून तीनचाकी सायकली, उपकरणे, अर्थसाहाय्य दिले जाते, आणि ते थांबता कामा नये. पण त्याच पैशातून तालुक्याच्या व्यायामशाळेत, वाचनालयात किंवा समाजमंदिरात आठवड्यातले दोन दिवस एक प्रशिक्षक मानधनावर नेमता येईल, त्याच्या हाताशी दोन कॉलेजची मुले देता येतील आणि ने-आण करायला एक रिक्षा लावता येईल. कार्यक्रम काय ठेवायचा, हे मात्र येणाऱ्यांना विचारून ठरवावे. कुणी ढोलकी मागेल, कुणी कॅरम, कुणाला नुसते चौपाटीवर जायचे असेल. ती यादी नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाआधी तयार झाली, तर त्यासाठी वेगळी तरतूद मागता येते.